ओळखीचा धूर

१

सकाळी आठला खोलीचं कुलूप काढायचं, पडदे ओढून घ्यायचे, एसी लावायचा, चहाचा कप कीबोर्डपासून वीतभर लांब ठेवायचा आणि मग चौदा डोंगरांवरून खाली बघत बसायचं. गेली सहा वर्षं त्याचं हेच काम. ऑफिसात त्याला पाठीमागे ‘गरुड’ म्हणत. हे त्याला ठाऊक होतं, आणि लोक ते कौतुकानं म्हणतात अशी त्याची पक्की समजूत होती. खरं म्हणजे ते नाव त्याच्या नाकावरून पडलं होतं, पण ते त्याला सांगणार कोण?

चौदा डोंगरांवर चौदा मनोरे होते, आणि प्रत्येक मनोऱ्यावर एक कॅमेरा. खाली दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या वस्त्या आणि वाळून कोळपलेलं रान. कुठे धूर दिसला की सॉफ्टवेअर त्याभोवती लाल चौकट काढायचं आणि भोंगा वाजवायचं. मग गरुडानं ठरवायचं, की ही खरी आग, की धुकं, की धूळ, की कुणी पेटवलेला पाचोळा. खरी असेल तर एक बटण दाबायचं, म्हणजे बंब निघत. नसेल तर त्या जागेवर ‘झाकण’ टाकायचं. झाकण म्हणजे पडद्यावरचा एक काळा चौकोन. तो पडला की संध्याकाळपर्यंत सॉफ्टवेअर त्या जागेकडे बघत नसे, भोंगा वाजत नसे, आणि त्या जागेसाठी बटणही चालत नसे. नोंदीत लिहायचं, ‘ओळखीचा धूर’.

पाचोळा पेटवण्याआधी वस्तीतल्या माणसानं खोलीत फोन करून सांगायचं, असा नियम होता. लोक सांगतही. पण तेवढं सांगून थांबतील तर ते लोक कसले. कुणाला गाय आटल्याचं सांगायचं असे, कुणाला शेजाऱ्यानं बांध कोरल्याचं. एक बाई आठवड्यातून दोनदा फक्त एवढंच सांगायला फोन करी, की समोरच्या उतारावर काहीतरी बरं दिसत नाही. काय दिसतं ते तिला सांगता यायचं नाही. गरुड रिसीव्हर टेबलावर ठेवून चहा संपवायचा आणि मग तो जागेवर ठेवून द्यायचा.

कॅमेरे येण्याआधी नवव्या डोंगरावर एक म्हातारा मनोरेवाला बसत असे. त्याच्याकडे एक दुर्बीण, एक वही आणि एक नियम होता. धुराशेजारी माणूस दिसल्याशिवाय धूर ओळखीचा म्हणायचा नाही. माणूस दिसेपर्यंत हा बुवा दुर्बीण खाली ठेवत नसे, मग भले तास जावो. गरुडानं आल्या आल्या तो नियम मोडीत काढला. फोन आला म्हणजे फोन करणारा माणूस आहेच, त्याला आणखी शोधत कशाला बसायचं? शिवाय त्यानं सगळ्या बंब केंद्रांना एक परिपत्रक पाठवलं, की सॉफ्टवेअरनं खूण केल्याशिवाय कुणाच्याही फोनवरून गाडी काढू नये. त्याखालची आपली सही त्याला फार आवडायची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला, एका मंगळवारी साडेदहा वाजता, खोलीतला जुना तारेचा फोन वाजला.

“पेटवतेय,” ताईचा आवाज आला. “झाकून टाक.”

आणि फोन बंद झाला. सहा वर्षांत इतका नेमका फोन गरुडाला पहिल्यांदाच आला होता.

२

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं. नवऱ्यामागे ती नवव्या डोंगराखालच्या दरीत, अगदी शेवटच्या घरात एकटी राहायची. घरामागे कुंपण, कुंपणापलीकडे रान. दहा वर्षं गरुड तिला सांगत होता की शहरात ये, आणि दहा वर्षं ती हसून विषय बदलत होती. ताईनं आपलं कधी म्हणून ऐकलं नाही, ही त्याची जन्माची तक्रार. तिच्यावाचून त्याला जगात कुणी नव्हतं, पण हे त्यानं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

तीन महिन्यांपूर्वी त्या दरीत तो सभा घ्यायला गेला होता. त्यानं स्वतः लिहिलेली पत्रकं वाटली. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘धूर दिसला तर दारं-खिडक्या लावा. आत थांबा. आम्ही बघतोय.’ सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि नेमकी ताई उठून उभी राहिली.

“छोट्या,” ती म्हणाली, “म्हाताऱ्याचा तो नियम तेवढा राहू दे रे. माणूस दिसल्याशिवाय कसं कळणार कोण पेटवतंय ते?”

पन्नाशीच्या अधिकाऱ्याला भर सभेत ‘छोट्या’ म्हटल्यावर लोक हसणारच. गरुडानं माईक जवळ ओढला आणि सांगितलं की ही आमची मोठी बहीण, हिला अजून मोबाईलवरचा मेसेज उघडता येत नाही, हिच्याकडून आता आपण तंत्रज्ञान शिकूया. लोक आणखी मोठ्यानं हसले. ताई खाली बसली. तिनं पदराला हात पुसले, जणू ते ओले होते. त्या दिवसापासून दोघांत एक शब्द नव्हता.

म्हणून तो फोन आला तेव्हा गरुडाला मनातून गुदगुल्या झाल्या. आली शेवटी वठणीवर. नियमानं फोन करते, मोजकं बोलते, झाकण मागते. नवव्या कॅमेऱ्यात तिच्या घराच्या मागे, कुंपणापलीकडे रानात, धुराची एक बारीक रेघ दिसत होती. त्यानं तिच्यावर चौकोन टाकला आणि नोंद केली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेदहा. “पेटवतेय. झाकून टाक.” तिसऱ्या दिवशीही तेच. ‘छोट्या’ म्हणत नव्हती, म्हणजे राग होता अजून. राहू दे. एकच गोष्ट त्याला खटकली. नियम असा की आधी फोन, मग काडी. इथे धूर दोन मिनिटं आधी वर यायचा, भोंगा वाजायचा, आणि त्यानं भोंगा बंद करेपर्यंत फोनची घंटा. त्याचा हात मोकळा होण्याची वाट बघून कुणी नंबर फिरवावा, इतकं ते बेतशीर होतं. ताईला धीर म्हणून कधी नव्हताच, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

३

दुसऱ्या आठवड्यात वारा सुटला. प्रत्येक मनोऱ्यावर वारा मोजायचं यंत्र असतं आणि त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. नवव्या कॅमेऱ्यात आकडा चाळीसच्या वर गेला होता. दरीतली झाडं एका अंगाला लवली होती. कुणाच्या तरी अंगणातलं वाळत घातलेलं कापड सुटून कुंपणाला जाऊन चिकटलं होतं. आणि ताईच्या घरामागचा धूर सरळ उभा होता.

गरुडानं चष्मा पुसला. धूर काठीसारखा सरळ वर जात होता. ना हेलकावा, ना वळण. त्याच दरीत पलीकडे एका घराच्या धुराड्यातून निघालेला धूर कौलांना घासत आडवा पळत होता. दोन धूर, एकच वारा.

फोन वाजला. “पेटवतेय. झाकून टाक.” त्यानं झाकून टाकलं. झाकल्यावर त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच त्याला राग आला. शिकलेला माणूस, धुराला कसला भितो? त्यानं तंत्रज्ञाला बोलावून घेतलं आणि नवव्या मनोऱ्यावरचं वाऱ्याचं यंत्र बिघडलंय असं ठासून सांगितलं.

तंत्रज्ञ गडी कामाचा होता, पण गरुडाच्या मते बिनडोक. तो दोन दिवसांनी डोंगर चढून उतरून आला आणि म्हणाला की यंत्र ठणठणीत आहे, त्याची स्वतःची टोपी उडून दरीत गेली. मग कॅमेऱ्याची काच खराब असेल, गरुड म्हणाला. काच पुसली, तंत्रज्ञ म्हणाला. मग जरा घुटमळून त्यानं आणखी एक सांगितलं. वरून तो तासभर खाली बघत होता. ताईंच्या घरामागे धूर होता खरा, पण तिथे कुणी पेटवताना काही दिसलं नाही.

गरुडानं त्याला विचारलं की तू कॅमेरे दुरुस्त करतोस की म्हाताऱ्याच्या जागेवर अर्ज केलायस. तंत्रज्ञानं अवजारं गोळा केली आणि तो गेला. दरी खोल असते, खाली हवा अडकून राहते, असं गरुडानं स्वतःला समजावलं. पलीकडच्या घराचं धुराडं त्याच दरीत होतं, हे तो सोयीनं विसरला.

४

शेजारच्या टेबलावर एक नवीन मुलगी कामाला लागली होती. तिचं काम जुन्या नोंदी नकाशावर चढवायचं. ती कमी बोलायची, त्यामुळे गरुड तिला मंद समजायचा. महिना होत आला तेव्हा एका सकाळी ती उठून त्याच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, सर, जरा हे बघता का?

तिच्या पडद्यावर दरीचा नकाशा होता. त्यावर गरुडानं टाकलेली सगळी झाकणं बारीक काळ्या चौकोनांत दिसत होती. इतर वस्त्यांचे चौकोन कसेही सांडले होते, इथे दोन, तिथे चार. ताईच्या घराकडचे बावीस मात्र एका रांगेत होते. एकाची कड दुसऱ्याला लागून. रांग रानात खोलवर सुरू झाली होती, कुंपणातून आत आली होती, आणि तिचं तोंड घराकडे होतं. कालचा चौकोन विहिरीपाशी होता. आजचा फोन अजून यायचा होता.

“पहिले सात चौकोन रानात आहेत सर,” ती म्हणाली. “तिथे पाचोळा पेटवायला कोण जाईल?”

ताई शिस्तीची बाई आहे, गरुड म्हणाला, एका टोकाकडून झाडत येत असेल. बोलताना त्याची नजर रांगेवरून हलत नव्हती. मुलीनं आणखी एक गोष्ट काढली. दर रविवारी, म्हणजे सरांची सुट्टी असते तेव्हा, चौकोन नव्हता. धूर नाही आणि फोनही नाही. रविवारी ती स्वतः खोलीत असे, तिनं मुद्दाम साडेदहाला वाट बघितली होती. फोन फक्त सर असले की येतो.

“बहीण आहे माझी. मी नसताना कुणाला फोन करेल, तुला?”

मुलगी पुन्हा नकाशाकडे वळली. मग अगदी हळू म्हणाली की जुन्या वहीतला नियम तिनं वाचलाय, आणि एकदा झाकण उचलून माणूस दिसतो का ते बघायला काय हरकत आहे? गरुडानं तिला ऐकवलं. म्हाताऱ्याची वही रद्दीत का गेली नाही, ती कुणी वाचायला दिली, आणि शंका काढायचा पगार तिला मिळतो का. शिवाय सॉफ्टवेअर आता शिकलंय, तो म्हणाला. एकाच ठिकाणी, एकाच जातीच्या धुरावर माणसानं पुरेशी झाकणं टाकली की पुढची झाकणं ते आपणहून टाकतं. तुझ्यामाझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

भोंगा वाजला. मग फोन. त्या दिवशीचा चौकोन विहिरीच्या अलीकडे पडला, कालच्याला नेमका लागून.

५

रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, गरुडानं घरून ताईला फोन लावला. चार महिन्यांत पहिल्यांदा. आपण काळजीपोटी करतोय असं त्याला वाटत नव्हतं. तिला चार शब्द सुनावायला करतोय अशीच त्यानं मनाची समजूत घातली होती.

ताईचा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला होता. तिनं उचलला तेव्हा मागे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता आणि भांड्यात काहीतरी शिजत होतं. “बोल छोट्या,” ती म्हणाली, जणू काल बोलणं झालं होतं.

तो सरळ मुद्द्यावर आला. या वाऱ्यात रोज उठून काय पेटवत बसतेस? घराच्या किती जवळ आलीस ते कळतंय का? ताईनं आधी कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाली, मी काय पेटवणार रे, कंबर धरलीय, वाकता येत नाही, महिना झाला झाडू हातात घेतलेला नाही. गरुडानं कपाळाला हात लावला. ही अशीच. लहानपणी दूध सांडलं तरी मांजरावर ढकलायची. त्यानं आवाज चढवला, की धूर मला दिसतोय ताई, मी काही आंधळा नाही.

“मलाही दिसतो की. म्हटलं, तू बघतोयस ना, मग कशाला घाबरायचं.” तिचा आवाज मऊ झाला होता. “आता रोज सकाळी फोन करतोस तेवढं बास आहे मला. सांगतोस तसं करते. खिडक्या लावते, आत बसते. सभेतलं तर मी केव्हाच विसरले बघ.”

गरुडाची कानशिलं तापली. चार महिने फोन केला नाही, तर टोमणा कसा मारते बघा. ‘रोज फोन करतोस.’ आणि वर त्याच्याच पत्रकातली वाक्यं त्यालाच म्हणून दाखवते. मोठ्या बहिणी अशाच मारतात, साखरेत घोळून. त्यानं तिला सांगितलं की मला टोमणे मारू नकोस, तुला माझं ऐकायचं नसेल तर नको ऐकू. ती काहीतरी म्हणत होती, “अरे, टोमणा कसला,” असं काहीसं. त्यानं फोन ठेवून दिला.

संध्याकाळी नखं कापताना त्याच्या हातातलं नेलकटर थांबलं. कोंबड्या. त्या फोनवरून बोललं की कोंबड्या ऐकू येतातच, ताईला दहादा ओरडून त्यांना हाकलावं लागतं. साडेदहाच्या फोनमध्ये कोंबड्या नव्हत्या. भांडं नव्हतं, वारा नव्हता. बंद कपाटात उभं राहून कुणी बोलावं तशी ती दोन वाक्यं असायची. त्याला कारण सापडेना. मग त्यानं ठरवलं की सकाळी ती कोंबड्यांना बाहेर सोडत असेल, आणि उरलेली नखं कापून टाकली.

६

सोमवारी सकाळी गरम वारा सुटला. चौदाही पडद्यांच्या कोपऱ्यातले आकडे लाल झाले होते. दरीचा रंग उडाला होता आणि डोंगरांच्या कडा तापलेल्या तव्यावरच्या हवेसारख्या थरथरत होत्या. गरुडानं चहा केला आणि प्यायला नाही. नवीन मुलगी आपल्या टेबलावर नकाशा उघडून बसली होती. पुढचा चौकोन कुठे पडणार हे तिला विचारायची गरज नव्हती. विहीर झाली, गोठा झाला, उरलं होतं फक्त मागचं अंगण.

दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी अंगणात धूर उभा राहिला.

भोंगा वाजला नाही. गरुडानं माउसला हात लावण्याआधीच पडद्यावर काळा चौकोन येऊन बसला आणि खाली अक्षरं आली, ‘ओळखीचा धूर’. सॉफ्टवेअर शिकलं होतं. चौकोनात अंगण होतं आणि निम्मं घर.

फोन वाजला. गरुडानं तिसऱ्या घंटेला उचलला.

“पेटवतेय. झाकून टाक.”

“ताई,” तो म्हणाला, “कोंबड्या कुठेयत?”

पलीकडे काही नाही. मग तेच शब्द, त्याच सुरात, मधला बारीक श्वाससुद्धा तोच. फोन बंद झाला नाही. कुणीतरी कानाशी धरून वाट बघतंय असं वाटत होतं. गरुडाला रिसीव्हर जागेवर ठेवता येईना, तो त्यानं टेबलावर उताणा ठेवला.

झाकण उचलायला कारण लिहावं लागतं. ही सुधारणाही त्याचीच. त्यानं कसंबसं ‘बघायचंय’ एवढं लिहिलं. चौकोन गेला. अंगण दिसलं, वाळत टाकलेली चटई दिसली, सरळ उभा धूर दिसला, आणि धुराशेजारी एक माणूस दिसला.

गरुडाच्या छातीवरचा दगडच उतरला. होतं की माणूस. म्हाताऱ्याचा नियमसुद्धा पाळला गेला. म्हणजे ताईच होती, हट्टी, खोटारडी, कंबर धरलेली ताई. तो हसलासुद्धा. सॉफ्टवेअरला मात्र तो धूर पुन्हा ओळखीचा वाटला आणि झाकण खाली आलं.

त्यानं कारण लिहून ते परत उचललं आणि कॅमेरा जवळ नेला. माणूस घराकडे पाठ करून उभा होता, तोंड डोंगराकडे, थेट कॅमेऱ्याकडे. एक हात कानाशी होता. ताई दारातून आत जाताना वरच्या चौकटीला तिचं डोकं कधी लागत नसे. याचा खांदा चौकटीच्या वर होता. आणि धूर त्याच्या शेजारून येत नव्हता. तोंड असायला हवं तिथून, वाऱ्याची पर्वा न करता, धूर सरळ वर जात होता. झाकण पडलं.

“सर,” मुलगी मागून म्हणाली, “खिडकीत बघा.”

तिसऱ्यांदा उचललं तेव्हा त्यानं तिकडे बघितलंच नाही, फक्त खिडकीकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ताई होती. पांढरे केस, निळं लुगडं. भिंतीवरचा फोन तिच्या कानाला होता आणि ती मान हलवत होती. समोरचा बोलतोय ते पटतंय, अशी. गरुडाला तिची ती मान पाठ होती. शाळेतून आल्यावर तो दिवसभराचं सांगायचा तेव्हा ती अशीच मान हलवायची.

७

त्यानं मोबाईलवरून ताईचा नंबर लावला. लाइन बिझी होती. पुन्हा लावला, पुन्हा बिझी.

बटण दाबलं. झाकणाखालच्या जागेला बटण चालत नाही, ते राखाडी होऊन पडलं होतं. मग त्यानं दरीजवळच्या बंब केंद्राला फोन केला. तिथला अधिकारी शांत माणूस होता. त्यानं आपल्या पडद्यावर बघितलं आणि सांगितलं की तिथे झाकण आहे साहेब, तुमचंच. चोविसावं. ओळखीचा धूर.

ओळखीचा नाही, गरुड म्हणाला. मग काय आहे, अधिकाऱ्यानं विचारलं. गरुडाला सांगता येईना. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून एवढंच बाहेर पडलं, “तिथे काहीतरी बरं दिसत नाही.”

पलीकडे अधिकाऱ्यानं बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. आज वारा मोठा आहे, तो म्हणाला, गाड्या मोजक्या आहेत, आणि समोर भिंतीला परिपत्रक लावलंय. कुणाच्याही फोनवरून गाडी काढू नये. “तुमचीच सही आहे साहेब.”

मुलीनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि ती अधिकाऱ्याशी भांडायला लागली. एवढ्या मोठ्यानं बोलू शकते हे गरुडाला माहीत नव्हतं. बोलता बोलता ती अचानक थांबली. ती टेबलावरच्या उताण्या रिसीव्हरकडे बघत होती. त्यातून बारीक, संथ बोलणं येत होतं. ती खाली वाकली, तिनं ऐकलं, आणि सरळ होऊन गरुडाच्या बंद तोंडाकडे बघितलं.

“सर, हा तुमचा आवाज आहे.”

गरुडाला वाकावं लागलं नाही. शब्द त्यानेच लिहिले होते. दारं-खिडक्या लाव. आत थांब. आम्ही बघतोय. इतक्या मायेनं तो ताईशी कधी बोलला नव्हता, आणि म्हणून तर तिला ते इतकं बरं वाटलं होतं.

“ताई, बाहेर निघ,” तो रिसीव्हरमध्ये ओरडला. “पुढच्या दारानं निघ. तो मी नाही.” पलीकडचा त्याचा आवाज मध्ये थांबलासुद्धा नाही.

मग तो झाकण उचलत राहिला. कारण म्हणून आता जे बोट लागेल ते अक्षर. उचललं, ताई खिडकीपासून लांब झाली होती. पडलं. उचललं, स्वयंपाकघराची खिडकी बंद होत होती. पडलं. उचललं, माजघराची बंद. अंगणातल्याचं तोंड आता डोंगराकडे नव्हतं, घराकडे होतं. पडलं. उचललं, ताई मागच्या दारात उभी होती, एक हात कंबरेवर, दुसरा दाराच्या फळीला. तिनं मान वर करून डोंगराकडे, मनोऱ्याकडे बघितलं. तिथे भाऊ आहे या भरवशानं ती जराशी हसली, आणि तिनं दार आतून लावून घेतलं.

जन्मात पहिल्यांदा ताई त्याचं ऐकत होती.

झाकण पडलं. या वेळी त्यात सगळं घर मावलं होतं.